न विचारता दिलेली माफी

शाबान लागला की आमच्या गल्लीत माफीचा हंगाम सुरू होतो. पुढच्या महिन्यात रमजान, त्याआधी ज्यानं त्यानं एकमेकांकडून कहा-सुना माफ करून घ्यायचं. वर्षभरात कुणाला काही बोललो असू, कुणाचं मन दुखावलं असेल, ते मिटवून मगच रोजे धरायचे. हल्ली हे सगळं मोबाइलवर उरकतात. आमचे मकदूमसाहेब, म्हणजे माझे यजमान, एका बोटानं अख्ख्या सोलापूरला माफी पाठवतात आणि लगेच चहा मागतात. नव्या पेठेत त्यांचं ओढण्यांचं दुकान आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांचे नंबर पुष्कळ. जिला रंग जाणारी ओढणी विकली तिलाही तीच माफी आणि जिनं नुसताच भाव विचारला तिलाही तीच, खाली चंद्राचं चित्र. मला असली माफी चालत नाही. मागायची तर समोर बसून, डोळ्यांत बघून मागावी, असं मी सगळ्यांना सांगते. सांगायची हौस मला पहिल्यापासूनच आहे.

दर शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या आम्ही बायका एकीच्या घरी जमतो. शिकवायला एक आलिमाबाई येतात, वयानं आमच्या लेकींएवढ्या, पण वाचन मोठं. त्या यंदा एकच गोष्ट घोळून घोळून सांगत होत्या. डबे भरून रमजानची तयारी होत नाही, मन रिकामं करा. मनात कीना ठेवून, म्हणजे कुणावरचा राग धरून, रमजानच्या उंबऱ्यावर येऊ नका. जो दुसऱ्याला माफ करत नाही त्यानं वर हात पसरून माफी कशी मागायची? मी मान डोलवत होते. माझ्या मनात कुणाबद्दल राग नाही, असं मला त्या शुक्रवारी अगदी खरोखर वाटत होतं. गेल्या रमजानात तापानं सुटलेले रोजे मी धरून पुरे केले होते, कुराणाचं फडताळ पुसून कुराणाला नवा गिलाफ, कापडी वेष्टन, शिवला होता, शेजारच्या चंद्रिकाशी नळाच्या पाण्यावरून धरलेला अबोलाही सोडला होता. स्वतःवर खूश होते म्हणा ना.

त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण इमामबी जेऊरहून आली. दरसाल ती शाबानात येते, ईदच्या शेवया आम्ही दोघी मिळून करतो. नवरा वारल्यापासून ती माहेरीच, जेऊरला, अम्मीजवळ राहायची. अम्मी गेल्या उन्हाळ्यात गेली. आता त्या घरात इमामबी एकटीच असते, शिवणकाम करते, पाच वेळची नमाज चुकवत नाही. जेऊरमध्ये तिला बायका दुआ करायला बोलावतात.

गच्चीवर बाजेला शेवयांचं यंत्र बांधलं होतं. ती दांडा फिरवत होती, मी खालून शेवया झेलत होते, गल्लीतल्या तिघीचौघी पीठ मळत गप्पा मारत होत्या. मध्येच तिनं दांडा थांबवला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आपा, कहा-सुना माफ कर."

असं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. इतकी, की पीठ मळणाऱ्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. मला वाटलं, अम्मीशिवायचा पहिला शाबान, पोरीला भरून आलंय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अम्मीच्या नावानं माफ. जे ठाऊक हाय तेबी, जे ठाऊक न्हाय तेबी."

हे शेवटचं कुणी मला म्हणायला सांगितलं नव्हतं. मी आपलं मोठेपणानं जोडलं. बायका 'माशाअल्लाह' म्हणाल्या आणि मला बरं वाटलं.

आता एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात आई जाताना लेकरांना दूध बख्शते. तिनं नऊ महिने वाहिलं, अंगावर पाजलं, ते कुणाला फेडता येत नाही. म्हणून शेवटी ती स्वतःच तोंडानं म्हणते, जा, माझं दूध तुला बख्शलं. मग लेकरू मोकळं. काहीजण म्हणतात, ही रीत आहे, किताबात नाही. नसेल. पण ते शब्द कानावर पडले नाहीत तर जन्मभर कसं होतं, ते मला विचारा. अम्मी गेली तेव्हा मी सोलापुरात होते. इमामबीचा पहाटे फोन आला, अम्मी झोपेतच गेली, कुणाला हाक नाही, काही नाही. मी पोचले तेव्हा घुसलाच्या, म्हणजे शेवटच्या अंघोळीच्या, तयारीला बायका जमल्या होत्या. तेव्हापासून हा एक काटा होता. पण मृत्यू अचानक आला, त्यात दोष कुणाला द्यायचा? अल्लाहची मर्जी म्हणून मी तो गिळला होता.

शबे-बारात झाल्यावर मी अम्मीसाठी फातेहा पढायला जेऊरला गेले. इमामबीला कळवलं नव्हतं. हलवा घेतला, सकाळची गाडी धरली. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहून दुआ मागितली, आमच्याकडे बायका आत जात नाहीत, आणि घरी गेले तर दाराला कुलूप. ती कापड आणायला करमाळ्याला गेली होती. शेजारच्या अंबुबाईंनी मला आत बोलावलं. अंबुबाई अम्मीची मैत्रीण, लिंगायताच्या घरातली, अम्मीपेक्षा थोडी लहान. दोघींच्या घरांत भिंत एकच. मी त्यांच्या हातावर हलवा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही, बाजूला ठेवला.

"आता येतीस व्हय," त्या म्हणाल्या. "तवा यायचं हुतं की."

"कवा, मावशी?"

"म्हातारी जायच्या आदी. दोन दिस तुजंच नाव घेत हुती. सबिहाला बोलवा, दूद बख्शायचं राहिलंय, म्हनायची. मी म्हनलं इमामबीला, लाव फोन. तर म्हनली, लावला, आपाला सवड न्हाय." अंबुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लई वाईट वाटलं बग मला. तुज्याकडनं आसं वाटलं नव्हतं."

मी म्हणाले, "मावशी, अम्मी तर झोपेत गेली ना?"

"झोपंत कशाची? चांगली शुद्धीवर हुती. मी हितं पेज करून पाजली की तिला."

त्या दोन दिवसांत इमामबीचा फोन आला होता, हे खरं. दोन्ही दिवस आला होता. अम्मीला जरा अशक्तपणा आलाय, काळजी नको, उन्हातान्हाची येऊ नकोस, असंच ती दोन्ही दिवस म्हणाली होती. मी विचारलं, बोलायला दे. तर म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय. मी विश्वास ठेवला. सख्ख्या बहिणीवर नाही ठेवायचा तर कुणावर? आणि तिकडे तीच आतल्या खोलीत जाऊन अम्मीला सांगत होती की सबिहाला यायला सवड नाही.

 माझा चेहरा बघून अंबुबाईंनी पाणी आणलं. त्यांना मी खरं काय ते सांगितलं. ऐकून त्या मग म्हणाल्या, "मला काय ठाव, बाई. मी तर वरीसभर तुलाच नावं ठेवत बसले."

इमामबी दुपारी आली. मला पायरीवर बघून तिनं आधी अंबुबाईंच्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यानं मला कळलं की हे खरं आहे. आम्ही आत गेलो. घरात आमची बोली दखनी, पण शाळा मराठी, त्यामुळे भांडण निघालं की आम्ही दोघी लहानपणापासून मराठीवर येतो.

मी विचारलं, "अम्मी मला बोलवत हुती?"

तिनं कुलूप-किल्ली कोनाड्यात ठेवली, हात-पाय धुतले, मला पाणी दिलं. मग म्हणाली, "तू माफ केलंयस आपा. सगळ्यांसमोर केलंयस."

"तवा मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक न्हाय तेबी माफ म्हनलीस की. तुज्याच तोंडानं म्हनलीस."

म्हणजे गच्चीवरचं ते रडणं भरून आल्याचं नव्हतं. काम करून घ्यायचं होतं. रमजानच्या आधी हिला आपलं खातं स्वच्छ हवं होतं, आणि मी बावळट, चार बायकांच्या साक्षीनं तिचं ते काम करून दिलं. दुसरी कुणी असती तर मी तोंड फिरवून निघून गेले असते. पण ही माझ्या मांडीवर वाढलेली, हिच्या वेण्या मी घातल्या. हिनं मला फसवलं, आणि मग फसवल्याची माफीही मला फसवूनच घेतली.

"का केलंस?"

तिला वाटलं असतं तर ती रडू शकली असती. या खेपेला रडली नाही. "पाच वर्सं अम्मीचं सगळं मी केलं," ती म्हणाली. "हगणं-मुतणं मी काढलं. तू ईदला यायचीस, द्राक्षं घेऊन. एक दिस राहायचीस. आन् मग पुढं महिनाभर अम्मी सांगत बसायची, सबिहानं हे आणलं, सबिहा आशी म्हनली. माज्या हातचं जेवायची आन् तुजं गुण गायची. शेवटालाबी तूच पायजे हुतीस तिला. तू आली असतीस तर मी परत सैपाकघरात. ते दोन दिस मला पायजे हुते."

यातलं काही खोटं नव्हतं, हे मी कबूल करते. पण कबूल करून राग जातो असं थोडंच आहे. मी म्हणाले, "तुजं दूध बख्शलं?"

"बख्शलं."

"आन् माजं?"

"तुजंबी बख्शलं," ती म्हणाली. "अम्मी म्हनली, सबिहाला सांग, तिचंबी बख्शलं."

ती हे फार पटकन म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. वर्षभर मी ज्या एका वाक्यासाठी तळमळत होते, ते समोर आलं आणि मला ते घेता येईना. खोलीत तेव्हा अम्मी आणि ही, दोघीच. तिसरं कुणी नाही. अंबुबाई पेज पाजून घरी गेलेल्या. अम्मीनं मला मोकळं केलं की नाही हे सांगणारं जगात एकच तोंड उरलं होतं, आणि ते हे.

"मग वरीसभर का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर बाकीचं निघालं असतं."

उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की ते वाटेत करमाळ्याहून येताना तयार केल्यासारखं वाटलं, पण मी आलेय हे तर तिला वाटेत ठाऊकच नव्हतं. मी उठले आणि स्टेशनवर येऊन बसले. सोलापूरची गाडी यायला वेळ होता. माझं डोकं एकाच जागी फिरत राहिलं, खरं म्हणाली असेल, खोटं म्हणाली असेल.

घरी मकदूमसाहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. पण माणूस व्यापारी, कुठलाही तंटा दुकानाबाहेर जाऊ न देता मिटवायची सवय. म्हणाले, "जाऊ दे सबिहा. बख्शलं म्हनती ना, मग धर की खरं. तुझंच भलं हाय त्यात."

"तुम्ही ओढणीचा रंग जात न्हाय म्हनता, तसं?" मी म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी ताट पुढे ओढलं.

शुक्रवारी आलिमाबाईंना मी सगळ्या बायका गेल्यावर गाठलं. विचारलं, कशाची ते न विचारता दिलेली माफी परत घेता येते का? त्यांनी आधी विचारलं, कुणाबद्दल. मी सांगितलं. त्या पुस्तकातलं काही सांगतील म्हणून मी तयारीत होते, पण त्या म्हणाल्या, "खाला, माफी मागणाऱ्यानं आपली चूक सांगून मागावी, असं मी पुढच्या शुक्रवारी सांगणार आहे. आधीच सांगायला हवं होतं."  

रमजान जवळ आला तशी माझी अवस्था वाईट होत गेली. नमाजेला उभी राहिले की हात बांधतानाच इमामबीचं ते पटकन बोलणं आठवायचं. दुआला हात वर केले की वाटायचं, कुठल्या तोंडानं मागतेस, तुझ्या मनात तर कीना भरून राहिलाय. राग सोडावा म्हटलं तर सोडवेना. राग धरावा तर दिलेली माफी आडवी यायची. आणि या सगळ्याच्या खाली ते अम्मीचं. तिनं मला काय समजून डोळे मिटले असतील? पोटची पोर, काही तासांची वाट, आणि सवड नाही म्हणाली.

चाँद दिसला त्या संध्याकाळी गल्लीतली सगळी गच्चीवर होती. फटाके वाजले, पोरं ओरडली, चंद्रिकासुद्धा तिच्या गच्चीवरून मला हात करून 'मुबारक' म्हणाली. तेवढ्यात फोन आला.

"आपा, चाँद मुबारक," इमामबी म्हणाली.

मी मुबारक म्हणाले नाही. म्हणाले, "उद्या रोजा धरून हितं ये. रोजा तोंडात असताना माज्यासमोर बस, आन् अम्मी माज्याबद्दल काय म्हनली ते सांग. जे सांगशील ते मी खरं धरीन. परत कधी विचारणार न्हाय."

खोटं बोलल्यानं रोजा तुटत नाही, पण आमच्या लहानपणी अम्मी सांगायची, तो मग रोजा राहत नाही, नुसतं उपाशी राहणं राहतं. इमामबीनं सातव्या वर्षापासून एकही रोजा खराब केला नाही, याचा तिला केवढा अभिमान आहे हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तिला तिथं धरलं. ती मग म्हणाली, "येते."

ती दुपारच्या गाडीनं आली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पहिल्या रोज्याला सगळ्यांचे जातात तसे. मकदूमसाहेब दुकानात होते. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज आम्ही दोघींनी शेजारीशेजारी पढली. मग ती जानमाजवरून, नमाजेच्या चटईवरून, उठलीच नाही. मी तिच्यासमोर बसले.

तिनं बोलायच्या आधी माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. मी मागत होते, या अल्लाह, तेच वाक्य पुन्हा येऊ दे. ते आलं तर मी हिला सगळं माफ करीन. अम्मीच्या खोलीबाहेर ठेवलं तेही, वर्षभर गप्प बसली तेही. मनापासून करीन.

"मी अम्मीला म्हनलं, आपा येत न्हाय, सवड न्हाय म्हनती," इमामबी म्हणाली. तिची नजर जानमाजवर होती. "अम्मीनं ऐकलं. बाज दाराकडं तोंड करून ठेवायला लावली हुती तिनं, रस्ता दिसायला. थोड्या वेळानं म्हनली, मग दार लाव, ऊन यायलंय."

मी वाट पाहिली.

"आन्?"

"बस. मी दार लावलं. त्याच्यानंतर तिनं तुजं नाव घेतलं न्हाय. मला रात्री बख्शलं. तुज्याबद्दल काय म्हनली न्हाय. तवा जेऊरला जे सांगितलं ते मी मनाचं सांगितलं." तिनं वर पाहिलं. "आता सगळं सांगून मागते आपा. मला माफ कर."

मला रडू आलं नाही.  माझ्यासमोर बसलेली ही बाई वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी खरं बोलली होती. देवाला भिऊन बोलली, मी जसं मागितलं तसंच बोलली. ते खरं आहे याबद्दल मला आता कसलीही शंका नव्हती, आणि अम्मी मला न बख्शता गेली.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. मी उठले, तिच्यापुढे पाणी ठेवलं, खजूर ठेवले. "रोजा सोड," एवढंच म्हणाले. ती माझ्याकडे बघत थांबली होती, उत्तरासाठी. मी म्हणाले, "ठाऊक नव्हतं तवा दिली हुती की तुला. आता ठाऊक झालंय, आता जमत न्हाय."

तिनं खजूर तोंडात घातला. मीही घातला. माझ्या मनात एकच येत होतं, आणि ते आजही जात नाही. आयुष्यातला एक रोजा, एकच, हिनं माझ्यासाठी खराब केला असता तर काय बिघडलं असतं?